टाचांच्या ओळी

चित्र न्यायला टेम्पो सोमवारी सकाळी दहाला येणार होता, आणि रविवारची दुपार झाली तरी त्यात काय चुकलंय ते मला सापडत नव्हतं.

चुकलंय एवढं नक्की होतं. चित्र हॉलच्या फरशीवर पसरलेलं होतं, घराच्या दारापेक्षा थोडं मोठं, आणि मी त्याच्याभोवती सकाळपासून फेऱ्या मारत होते. स्टुलावर चढून पाहिलं. गुडघ्यांवर बसून पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं. बेसिनवरचा आरसा काढून आणला आणि त्यात चित्र उलटं पाहिलं, कारण शाळेत मुलांना हीच युक्ती शिकवत आले होते की आरशात चूक पटकन दिसते. आरशात मला फक्त माझं सुजलेलं तोंड दिसलं. चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा गॅसजवळच विसरले. मी मुळात चिडकी. त्यातून काय बिघडलंय ते कळत नसलं, की घरातल्या प्रत्येक वस्तूवर माझा राग निघतो. त्या दिवशी तो पंख्यावर, आरशावर आणि शेजारच्यांच्या कोंबड्यावर निघाला.

उरणजवळच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली. कलश, मोर, पतंग उडवणारी मुलं, बाजाराचं दृश्य. परीक्षेला जे लागतं ते. स्वतःचं काम रविवारी करायचं आणि कपाटावर गुंडाळून ठेवायचं, असा माझा संसार होता. लग्न केलं नाही, त्यामुळे रविवार तरी माझे होते. माझ्या चित्रात माणूस नसतो, झाड नसतं, होडी तर नसतेच. नुसते आकार असतात. बांधांच्या रेघा, मिठाच्या वाफ्यांचे वाकडेतिकडे चौकोन, खाडीच्या पाण्याची तिरकी पट्टी, तीसुद्धा ओळखू येईल इतकी नाही. गावातल्या एकाने एकदा दारातून डोकावून विचारलं होतं, "मोजनीचा नकाशा हाय का गो? कनाचा सर्व्हे नंबर?" आमच्याकडे इतक्या जमिनी मोजल्या गेल्यात, की कागदावर चौकोन दिसला की माणसाला आधी तेच सुचतं. मी त्याला म्हटलं होतं, "व्हय, तुझाच हाय." तो बिचारा आठवडाभर काळजीत होता.

मुंबईच्या एका चित्रदालनाच्या बाई कुणाबरोबर तरी आमच्या गावी आल्या होत्या आणि पावसाने अडकल्या म्हणून माझ्या घरी तासभर बसल्या. त्यांनी कपाटावरच्या गुंडाळ्या स्वतः खाली काढल्या. महिन्याभराने त्यांचा फोन आला. पाचसहा जणांचं प्रदर्शन होतं, त्यात मला एक भिंत मिळणार होती. "एकच चित्र द्या, पण मोठं द्या," त्या म्हणाल्या. साठाव्या वर्षी मला पहिल्यांदा भिंत मिळत होती. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले, आणि त्या दिवसापासून झोप उडाली.

त्या चित्रासाठी मी आमच्या आगराचा गाळ वापरला. आगर म्हणजे मिठागर. आमचं म्हणायची सवय, मालकी दुसऱ्याचीच. माझ्या आईने तिथे तीस वर्षं काम केलं. मागच्या वर्षी त्यावर भराव पडला. आता तिथे कंटेनर एकावर एक रचलेले असतात. डंपर यायच्या आदल्या आठवड्यात मी एक बादली घेऊन गेले आणि एका वाफ्यातला करडा, चिकट गाळ भरून आणला. कशासाठी ते तेव्हा माहीत नव्हतं. ओलं गोणपाट घालून तो मोरीत जपून ठेवला होता. चित्र ठरल्यावर आईच्या जुन्या लुगड्यातून गाळला, डिंकाच्या पाण्यात कालवला आणि मागे कापड चिकटवलेल्या जाड कागदावर त्याचे पाच जाड हात दिले. त्यावर कोळसा, थोडा खडू. पाचवा हात दिला तेव्हा बादलीचा तळ लागला होता. चित्र बिघडलं असतं तर दुसरं करायला गाळ नव्हता आणि तो आणायला जागाही नव्हती.

बरं, बिघडलं म्हणावं तर बिघडलंही नव्हतं. वरचा तिसरा हिस्सा रिकामा करडा होता, तो मला आवडत होता. त्याखाली चार मोठे आकार, एकही बाजू दुसरीएवढी नाही. त्यांच्यामधले बांध मी कोळशाने काढले होते, काही ठिकाणी रेघ ठाम, काही ठिकाणी बोटाने पुसून मऊ केलेली. आकारांचा तोल जमला होता. ते मला कळतं, तेवढी वर्षं काम केलंय. पण खालचे दोन मोठे आकार नुसते बसून होते. त्यांच्यावर मी चिंधी घासली, चाकूच्या पात्याने ओरखडे काढले, खडूची पूड शिंपडून फुंकली, पाणी चमकावं म्हणून. पाच दिवस हेच, थर ओला राहावा म्हणून रोज पाणी शिंपडून. दुरून पाहिलं की छान दिसायचं, जवळ गेलं की काहीच नाही. भिंतीला मातीचा गिलावा दिल्यासारखं. जवळ जाऊन पाहण्यासारखं काहीतरी हवं, नाहीतर भिंतीवर लावायचं कशाला?

आई पलंगावर बसून माझ्या फेऱ्या ऐकत होती. एक्क्याऐंशीची आहे ती. आठ दिवसांपूर्वीच तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. काळा चष्मा लावून बसवलं होतं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. उजव्याची सूज अजून उतरली नव्हती आणि डाव्या डोळ्यावर पडदा होताच, तेव्हा उजेड आणि अंधार यापलीकडे तिला फारसं दिसत नव्हतं. फिरायला मात्र मुभा होती, आणि ती भिंतीला हात लावत सारखी फिरायची. दिवाळी उलटली की तिला घरात चैन पडत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले. दिवाळीनंतर आगरात काम सुरू व्हायचं. काम सुटून वीस वर्षं झाली तरी तिच्या पायांना ते अजून पटलेलं नाही.

"काय गो, पाय दुकत न्हाय तुजं?" तिने विचारलं.

"काम चाललंय, आये."

"काम बसून करतात तुजी शालेतली मानसं."

मी आणखी एक फेरी मारली.

दीडच्या सुमारास तिला जेवायला घातलं. ती आडवी झाली. तिचा डोळा लागला असं वाटल्यावर मी पॅकिंगचं प्लास्टिक आणि सुतळी आणायला बाजारात गेले. खरं तर सुतळी घरात होती. मला त्या चित्रापासून लांब जायचं होतं, एवढंच. रिक्षात बसल्यावरही डोक्यात तेच दोन आकार. दुकानदाराने दोनदा विचारलं, किती मीटर, आणि मी दोनदा "कच्चं आहे" असं काहीतरी बोलले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

परत आले तेव्हा फाटकातच आवाज ऐकू आला. थप. थप. मग जरा थांबून पुन्हा थप. मला वाटलं शेजारी कुणी भाकऱ्या थापतंय.

दारात आले आणि पाहिलं. आई माझ्या चित्रावर उभी होती. लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं, दोन्ही हात मागे कंबरेवर, काळा चष्मा तसाच. एक टाच रोवायची, मग दुसरी, आणि तसूभर मागे सरकायचं. पाय ओले होते. दोन्ही मोठे आकार तिने जवळजवळ संपवले होते आणि उजव्या कोपऱ्याकडे सरकत चालली होती.

मी किंचाळले. "आये! अगं काय केलंस? वाट लावलीस माझ्या चित्राची!"

तिचा एक पाय वरच राहिला.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण राग माझ्या नाकावर बसलेला, तो थांबतो कुठे? "दिसत नाही तर एका जागी बसता येत नाही तुला? साठ वर्षांत एक गोष्ट माझी म्हणून केली, तीही तुडवलीस!" हे मी माझ्या आईला म्हणाले. आठ दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेल्या बाईला, जिने एक हात भिंतीकडे पसरला होता आणि भिंत जिच्या हाताला लागत नव्हती. लिहितानाही लाज वाटते आहे. आणि खरं सांगायचं, तर तिचा तोल जाईल म्हणून मी धावले, की अजून एक पाऊल पडेल म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

मी तिला धरून पलंगावर बसवलं. तिच्या पायांना कोळसा आणि गाळ लागला होता.

"मोरीतून आलू," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "पायाला चिखूल लागला. आपल्या आगराचा. मना वाटला, यंदा तल तुडवायचा ऱ्हायलाच. तल काच्चा ठेवून कुनी पानी घेतं व्हय?"

मी उठले. मागच्या दाराने बाहेर गेले आणि नळाखाली हात धुतले. हात स्वच्छ होते.

तिचं म्हणणं मला कळत होतं, तेच तर वाईट होतं. पावसाळा सरला, वाफ्यातलं पाणी काढून टाकलं, की खालचा तळ लोण्यासारखा मऊ असतो. तो तसाच ठेवून खाडीचं पाणी घेतलं तर मीठ गाळात बसतं आणि काळं निघतं. म्हणून आधी तो पायांनी तुडवून कडक करायचा. आमच्या आगरात हे काम बायकांचं. त्या खांद्याला खांदा लावून रांगेने उभ्या राहायच्या आणि टाच रोवत मागे मागे सरकायच्या, म्हणजे आपलं काम आपल्याला समोर दिसतं. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला अर्धं झाकणारं. मध्ये बोटभरही जागा सुटता कामा नये. आणि एकदा वाफा धरला की पुरा करूनच बाहेर यायचं, कारण अर्धा सोडला तर तुडवलेला भाग आधी सुकतो आणि जोडावर तडा जातो. मी हे सगळं बांधावरून पाहिलंय. नुसतं पाहिलंय. आई मला वाफ्यात उतरू द्यायची नाही. मी डबा घेऊन जायचे आणि बांधावर बसायचे. एकदा सहज पाय बुडवला तर तिने तिथूनच चिखलाचा गोळा मारला होता. "माज्या पोरीचा पाय खाऱ्या पान्यात परनार न्हाय," हे ती इतर बायकांना ऐकू जाईल असं म्हणायची. रात्री तिच्या टाचांच्या भेगांत कोकमाचं तेल भरायचं काम माझं. त्या भेगांत माझ्या करंगळीचं टोक जायचं.

परत आत गेले ते ब्लेड घेऊन. वरचा थर खरवडता येईल का, ते पाहायचं होतं. टेम्पो रद्द करायचा तर मुंबईच्या बाईंना काय सांगायचं, हेही मनात जुळवत होते. गुडघ्यांवर बसले, चष्मा पुसला आणि चित्रावर वाकले.

दाराचा उजेड त्या वेळी आडवा येत होता. टाचेची प्रत्येक खूण चंद्रकोरीसारखी, मागची कड खोल आणि पुढे उथळ होत जाणारी. पुढची खूण तिच्यावर अर्धी चढलेली. दोन खुणांमध्ये गाळाची दोरीसारखी बारीक कड उभी राहिली होती. माझा कोळसा पुसला गेला नव्हता. तो ओल्या टाचेने खाली दाबला होता आणि खळग्यांत काळा होऊन साचला होता. खडू वर राहिला होता, फक्त त्या कडांवर, आणि उजेड तिथेच पकडला जात होता. पाच दिवस मी पाण्याची चमक आणायला जी पूड फुंकत होते, ती आता पाण्यासारखी दिसत होती. मधल्या बांधाची माझी सरळ रेघ टाचांच्या जोराने जागोजागी किंचित बाहेर ढकलली गेली होती, खऱ्या बांधाचं होतं तशीच. ओळी मोजल्या. डावीकडे त्या ताठ होत्या, मधे आईला दम लागला असावा, तिथे खुणा जवळ जवळ आल्या होत्या, मग पुन्हा लांब झाल्या होत्या. भिंग आणून पाहिलं. एका खुणेत तिच्या टाचेची भेग उमटली होती, केसाएवढी.

म्हणजे माझं चुकलं होतं ते हे. माझ्या वाफ्यांना आकार होता, वजन नव्हतं. तळ मी बांधावर बसून पाहिलेला, म्हणून माझ्या हातून तो बांधावरून दिसतो तेवढाच उतरला होता.

वाचणाऱ्याला वाटेल की मला आनंद झाला. नाही झाला. आधी हेवा वाटला. स्वतःच्या आईचा, आणि तोही चित्रकलेत. जिला कागद कुठल्या बाजूने धरतात ते ठाऊक नाही, तिने अर्ध्या तासात, न बघता, ते केलं होतं. मी ब्लेड हातात घेऊन तिथेच बसून राहिले. मग वरचा पंखा फिरताना ऐकू आला आणि मी धडपडत उठून तो बंद केला, कारण गाळ सुकत होता.

उजवा कोपरा राहिला होता. मी ओरडले तिथे ओळ तुटली होती. दोन हात लांब, हातभर रुंद तुकडा माझा गुळगुळीत गिलावा लेवून तसाच होता आणि बाकीच्या चित्राशेजारी अगदीच बावळट दिसत होता. सुकला तर जोडावर तडा जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आये, तेवढा कोपरा पुरा कर."

"मना दिसत न्हाय."

माझंच वाक्य मला परत मिळालं. मी पलंगाच्या कडेवर बसले. "चुकलं माझं," म्हटलं. "तोंडाला येईल ते बोलले. तू तुडवलंस ते चांगलं झालंय. माझ्यापेक्षा चांगलं झालंय."

तिने कूस बदलली. मग म्हणाली, "माजं पाय थकलं आता. तू दे पाय."

"मला येत नाही."

"यील कसा? मीच यवू दिला न्हाय."

तिने हात पुढे केला. मी तिला उठवून चित्राच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. साडी खोचली, मोरीत जाऊन पाय ओले केले आणि कोपऱ्यात उभी राहिले. गाळ थंड होता. साठ वर्षांची झाले, पण माझ्या टाचा मऊ आहेत, मोज्यांत आणि चपलांत वाढलेल्या. पहिलं पाऊल ठेवलं आणि घसरले.

"पंजा उचल. टाचंवर ये."

टाचेवर आले. आवाज आला फट् असा.

"ह्यो न्हाय. भरीव आवाज यायला पायजे."

तिला दिसत नव्हतं, पण ती एकेक पाऊल ऐकत होती. हलकं पडलं, की जीभ टाळूला लावून च्चक करायची. मी मागे वळून पाहिलं की पाऊल चुकायचं, आणि त्या च्चकला आणखी धार यायची. "मागं काय बगतंस? म्होरं बग. तुजं तुलाच दिसतंय ना?" एकदा तिने हात लांबवून माझी पोटरी चाचपली आणि गुडघा जरा वाकवला. "इथून जोर दे. कंबरंतून नको, कंबर जाईल." मग थोडा वेळ तिने च्चक केलं नाही. मला वाटलं जमलं. पाहिलं तर तिचा डोळा लागला होता. मी तीन ओळी पुऱ्या केल्या. खाली उतरले तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या आणि दिवसभरात पहिल्यांदा मला फेऱ्या मारायची इच्छा नव्हती.

बादलीत चिकटलेला गाळ ओल्या कपड्याने पुसून घेतला आणि जोडावर भरला. तेवढ्यालाच पुरला. आईचे पाय कोमट पाण्याने धुतले. ती झोपेतच होती.

सोमवारी टेम्पोबरोबर बाई स्वतः आल्या. चित्र सुकलं होतं. त्यांनी आधी दारातून पाहिलं, मग चपला काढून जवळ आल्या, मग माझ्यासारख्याच गुडघ्यांवर बसल्या. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. त्या इतक्या वाकल्या की त्यांचं नाक कागदाला लागेल असं वाटलं.

"हे कसं केलंत?" त्यांनी विचारलं. "कुठल्या हत्याराने?"

त्या क्षणी काहीही सांगता आलं असतं. लाकडाचा ठसा, चमचा, काहीही. पलंगावर आई काळा चष्मा लावून सरळ बसली होती.

"टाचेने," मी म्हणाले. "माझ्या आईने तुडवलंय. आमच्या आगरात वाफ्याचा तळ असा तुडवायचे. ते तिचं काम होतं."

बाईंनी आईकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे. बराच वेळ त्या डावीकडून उजवीकडे खुणा बघत सरकत होत्या. उजव्या कोपऱ्यात थांबल्या. बोट न लावता त्यांनी त्या भागावरून हात फिरवला.

"इथे मात्र जरा अडखळलंय. खोली कमी पडते. बाकी सगळं इतकं पक्कं आहे की हे डोळ्यांत येतं. हवं तर अजून दोन दिवस ठेवा, दुरुस्त करून पाठवा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कुणालाही दिसलं असतं. तीन ओळी, विरळ, एक खूण दुसरीला नीट न झाकणारी, एका ठिकाणी घसरल्याचा लांब ओरखडा.

"राहू दे तसंच," मी म्हणाले. "तेवढंच माझं आहे."

टेम्पोवाल्याने दोन प्लायवूडच्या मध्ये घालून चित्र बांधलं. बांधण्याआधी मी ते उचलून मागच्या कापडावर पेन्सिलीने आईचं नाव लिहिलं आणि त्याखाली माझं. टेम्पो वळणापलीकडे गेल्यावर हॉलची फरशी इतकी मोकळी दिसली की मी पुन्हा दारापासून मोरीपर्यंत दोन फेऱ्या घातल्या.

"काय म्हनली बाय?" आईने विचारलं.

"तुझं काम तिला आवडलं."

"आनी तुजं?"

"म्हणाली, कोपरा कच्चा आहे."

आई हसली. गालात नाही, मोकळी हसली, आगरात हसायची तशी. "मंग? पयल्या साली सगल्यांचाच तसा व्हतो. माजा तर मुकादमानं परत तुडवून घेतला व्हता. फुडच्या साली बग, कसा बसतोय तुजा पाय."

मी हो म्हटलं. बादली मी आदल्या संध्याकाळीच धुऊन मोरीत पालथी घातली होती.